बदलीवालं विमान

...आन वरून मलेच म्हणते, "सुशीलभाऊ, तुमची बनियन द्या!" तारेवरची नाही हो, अंगावरची! सकाळी सकाळी मी अंगणात उभा, तोंडात ब्रश, अर्धा फेस आत, अर्धा बाहेर, आन हा फाटकावर! म्हटलं, "दयारामभाऊ, तारेवर दुसरी वाळून राहिली, ते घेऊन जा." तं म्हणते, "ते नवी आहे. नव्या कपड्यानं ओरखडे पडतात. तुमची अंगावरची चांगली विरली आहे, पाठीवर जाळी झाली तिची, अशीच पाहिजे!" आता सांगा, माह्या पाठीवरची जाळी याले कशी माहीत? पण याले सगळं माहीत असते बाप्पा! पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, कोणाचं लुगडं मऊ झालं, कोणाचं धोतर विटलं, कोणाची चादर आता टिकत नाही... हा गल्लीत शिरला का बायका तारेवरचे कपडे काढून घरात पळतात! आन हे सगळं कशासाठी? स्वतःसाठी? अजिबात नाही. विमान पुसासाठी!

हसा, हसा. मी बी हसलो होतो, फेस गिळून हसलो. पण तुम्हाले सांगतो, छातीवर हात ठेवून सांगतो... माणूस वेडा नाही, फिटर आहे!

आता तुम्ही म्हणान, रायपूरच्या बुढापाऱ्यात विमान कुठून आलं? तर तलावाच्या अलीकडं, गल्ल्याइच्या मधात आमची एक बाग आहे. बाग म्हणजे काय, चार झाडं, दोन बाकडे आन फाटकावर गुपचुपवाला, म्हणजे पाणीपुरीवाला. मधात चबुतरा, चबुतऱ्यावर विमान. खरं, लढाईतलं! नॅट म्हणतात त्याले. लढाऊ विमानाइच्या घरातलं शेंडेफळ, ठेंगणं, लांबीले ट्रकापेक्षा थोडंसं जास्त. वायुसेनेनं त्याले रिटायर केल्यावर कधीतरी इथं आणून ठेवलं, फीत कापली, भाषणं झाली, लाडू वाटले, आन मंग सगळे आपापल्या घरी गेले. विमान राहिलं. उन्हात, पावसात, कावळ्याखाली. कावळे त्याले संडास समजून राहिले, पोट्टे घसरगुंडी समजून राहिले, आन प्रेमात पडलेले लोक त्याच्यावर खिळ्यानं नावं कोरून राहिले. साऱ्या पाऱ्यानं पाह्यलं, केलं कोणी काही नाही. मी रोज तिथून स्कूटर घेऊन ऑफिसात जात होतो, मान बी वळवली नाही कधी.

मंग दयाराम इथं राहाले आला. वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होता, म्हणजे इंजिन सोडून विमानाचं जे जे अंग असते, पत्रा, पंख, चाकं, ते सगळं सांभाळणारा. जवानीत यानं हेच नॅट घासले, हेच ठोकले, हेच धक्का मारून बाहेर काढले. आन आवाज म्हणसान तं असा, का जन्मभर चालू इंजिनाच्या बाजूले उभं राहून बोलला, आता हळू बोलताच येत नाही. "चहा घेता का?" विचारते तं शेजारचं लेकरू झोपेतून उठून बसते. तर हा पहिल्या दिवशी बागेत गेला, मी सोबत होतो. विमानापुढं उभा राहिला. मले वाटलं, आता सॅल्यूट मारन. सॅल्यूट नाही, काही नाही! नखानं पंखावरची कावळ्याची घाण खरवडली, खालचा पत्रा पाह्यला आन ओरडला, "याले धुते कोण?" म्हटलं, "कोणीच नाही." तं म्हणते, "कोणीच नाही म्हणजे? इतके वर्षं हे असंच...?" तसाच वळला, घरी गेला आन बादली घेऊन आला.

त्या दिवसापासून दर रविवारी. आता घासणं म्हणजे तुम्हाले काय वाटते, घेतला कपडा आन फिरवला? तसं केलं तं तो तुमचा हात धरते! आधी चपला काढा, चपलेची रेती उडते. मंग अंगठी काढा, घड्याळ काढा, ओरखडा पडते. मंग साधं पाणी. मंग साबणाचं पाणी, तेही अंगाच्या साबणाचं, भांड्याच्या साबणाचं नाही. मंग पुन्हा साधं पाणी. मंग कोरडं करा. मंग तळहाताएवढ्या जागेवर पॉलिश लावा आन घासा, नाकाकडून शेपटीकडं, सरळ! गोल गोल घासलं का हा तिकडून ओरडला, "पुरी लाटून राहिले का तुम्ही?" एक रविवार गेला का विमान तेवढं चमकते जेवढं आपलं जेवाचं ताट असते, बस. तिथून उठाचं, पुढच्या रविवारी पुढं सरकाचं. आन त्या विमानाच्या बाजूले जे हवा घ्याचं तोंड असते ना, त्याच्यात साळुंक्याइनं घरटं केलतं. मी म्हटलं, काढून टाकू. "खबरदार! पिल्लं उडेस्तोवर तिकडं फिरकू नका. त्याइची ट्रेनिंग चालू आहे!" घ्या! माणूस वेडा नाही हो, फिटर आहे!

पण काय सांगू तुम्हाले, चमकलं ते! असं चमकलं का डोळ्याले पाणी यावं. जे विमान आम्हाले राखेच्या रंगाचं वाटत होतं ते चांदीचं निघालं. एक एक रिव्हेट, म्हणजे पत्र्यातले ते बारके खिळे, मोत्यासारखे वर आले. कोरलेली नावं बी गेली. कोणाचं कोणावर प्रेम होतं सगळं पुसल्या गेलं, त्यातल्या एकदोघाइचे संसार बी मोडले म्हणतात, पण तो दोष पॉलिशचा नाही. ऑटोवाले त्याच्यात पाहून भांग पाडाले लागले. लग्नाच्या आधीचे फोटो काढाले जोड्या याले लागल्या, पोरगी पंखाखाली उभी राहून लिपस्टिक नीट करे आन दयाराम बादली हातात घेऊन ओरडे, "देखो, देखो, लेकिन उँगली मत लगाना!" मी स्वतः... आता तुमच्यापासून काय लपवाचं, मी स्वतः ऑफिसात जाता जाता स्कूटर थांबवून त्या पोटात आपलं तोंड पाहून घेत होतो. आपल्या आरशापेक्षा त्याच्यात मी बरा दिसतो.

त्याच्या घरी मात्र हाल. शेवंतावहिनी, म्हणजे त्याची बायको, शांत बाई. पण एकामागून एक तिचे सुती पातळं गायब व्हाले लागले तं तिनं कपाटाले कुलूप लावलं. पोरगी पिंकी, हिंदी शाळेत शिकली, मराठी समजते पण उत्तर हिंदीत, ते म्हणे, "पापा, घर में एक पोंछा तो छोड़ दो!" आन पॉलिशचे डबे, मेण, ब्रश, सगळं पेन्शनीतून. वहिनी मले म्हणे, "भाऊजी, माहेरी मले विचारतात, जावई दारू पेते का? म्हटलं, नाही पेत, घासते."

बरं, हे असं चाललं असतं तं चाललं असतं. पण एक दिवस बागेत साहेब आले. बागेचे साहेब, नगर निगमचे. सोबत फीत घेऊन माणसं, मोजून राहिले, फोटो काढून राहिले. दयाराम गेला, "क्या चल रहा है?" साहेब म्हणे, "सौंदर्यीकरण." म्हणजे बागेचं रूप बदलणार. चबुतऱ्याले भेगा गेल्या, चाकाचे टायर सडले, कधी कोणावर कलंडलं तं जबाबदारी कोणाची? तं हे उचलाचं, भंगारात द्याचं आन त्या जागी फायबरचा मोठ्ठा कॉफीचा कप बसवाचा. त्याच्यात बसून लोक फोटो काढतीन! दयारामच्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणे, "साहब, ये लड़ा हुआ जहाज है." साहेब वाईट माणूस नाही हो, थकलेला माणूस. म्हणे, "दादा, मेरे पास इसका कोई बजट नहीं है. आप लोग चबूतरा बनवा लो, टायर बदलवा लो, आगे की देखभाल का इंतजाम दिखा दो, तो मैं फाइल रोक दूँगा. दिवाली से पहले आके देखता हूँ." आन गेले.

झालं! दिवाळीच्या आधी चबुतरा, टायर आन देखभालीचा पैसा. नाहीतर कप. दयाराम मले घेऊन वर्गणीले निघाला. मले काहून? कारण मी हळू बोलतो म्हणून! गेलो सदर बाजारात, सराफाच्या दुकानी. सेठ म्हणे, "आइए, आइए, किसका चंदा है? गणेश का, दुर्गा का?" म्हटलं, "विमान का." सेठनं मुनीमाकडं पाह्यलं, मुनीमानं पंख्याकडं पाह्यलं. "भैया, विमान का तो पहली बार सुन रहे हैं. कोई भगवान हो तो बताओ, अभी लिख देते हैं." दुसऱ्या दुकानी बी तेच, तिसऱ्या बी तेच. मंग शंकर नगरात एका कंपनीच्या ऑफिसात गेलो, तिथं थंडगार हवा, पाणी दिलं, बिस्किट दिलं, आन टायवाला पोट्टा म्हणे, "अंकल, इसमें हमारी ब्रांडिंग कहाँ आएगी? पंख पे लिखवा सकते हैं?" दयाराम उठलाच! म्हणे, "पंख पे? पंख पे तुम्हारा नाम? जिस पंख पे..." मी ओढत बाहेर आणलं त्याले. रस्त्यावर उभा राहून म्हणे, "सुशीलभाऊ, लोक कपासाठी पैसे देतीन, याच्यासाठी नाही." मले त्या दिवशी त्याचं तोंड पाहवलं नाही. खरंच सांगतो.

आन मंग दसरा आला. आता हे नीट ऐका, कारण सगळा गोंधळ इथं आहे. दयाराम बौद्ध माणूस, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, देवाले मानत नाही, नवस नाही, अंगारा नाही, काही नाही. आन दसऱ्याले तो नागपूरले जाते, दीक्षाभूमीवर. नोकरीत असतानी कुठं कुठं होता, पण सुट्टी घेऊन गेला. तो दिवस त्यानं कधी चुकवला नाही. तर आदल्या दिवशीच सगळे निघाले, वहिनी, पिंकी, डबे, पाण्याच्या बाटल्या. जाता जाता मले सांगून गेला, "विमानाले कोणी हात लावू देजा नका." म्हटलं, हो.

पण आदला दिवस कोणता? खंडेनवमी! शस्त्राइची पूजा! आमच्या महिला मंडळाच्या शर्मिष्ठाताई, मोठी उत्साही बाई, सकाळी सकाळी पूजा करून राहिल्या, विळीची झाली, कात्रीची झाली, मिक्सरची झाली, स्कूटीची झाली, आन एकदम त्याइच्या डोक्यात आलं, "अहो, पाऱ्यातल्या सुरीकात्रीची पूजा झाली आणि सगळ्यात मोठं शस्त्र तिकडं उघडंबोडकं उभं! दयारामभाऊ बिचारे वर्षभर घासतात, आपण निदान हळदकुंकू तरी लावू!" झालं! साऱ्या बायका निघाल्या. मी आडवा गेलो, म्हटलं, "ताई, तो हात लावू नका म्हणाला." तं ताई म्हणतात, "हात कुठं लावतोय? बोट लावतोय." आता या बाईपुढं काय बोलता? नाकावर कुंकवाचं स्वस्तिक! पंखाले झेंडूच्या माळा! चाकापाशी नारळ फुटला! नाकाच्या पुढं जे सळई असते, वाऱ्याचा वेग मोजाची नळी, तिले लिंबू-मिरची लटकली! आन आरती. विमानाची आरती कोणाले येते? मंग गणपतीची म्हटली, देवीची म्हटली, विठ्ठलाची म्हटली, आन शेवटी कोणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं, सगळे ताट घेऊन सावधान उभे!

त्या गर्दीत होत्या कलावतीबाई. त्याइची पोरगी मास्तरीण, पार बस्तरात जगदलपूरकडं, बदलीसाठी अर्ज करून करून थकली होती. कलावतीबाईनं सहज हात जोडले, म्हणे, "बाप्पा, तू तं उडणारा, माह्या पोरीले इकडं उडवून आण." आन संध्याकाळी पोरीचा फोन! "आई, बदली झाली, रायपूरले!" आता ऑर्डर निघाली होती आधीच, सही झाली होती आधीच, पण हे कोण सांगन? तुम्ही सांगान? हे रायपूर आहे, इथं घराघरात कोणी रेल्वेत, कोणी स्टील प्लांटात, कोणी सरकारात, आन प्रत्येकाची कोणाची ना कोणाची बदली अडकलेली! गुपचुपवाल्यापासून खबर निघाली ते दुसऱ्या दिवशी स्टेशनापर्यंत गेली. "बदली वाले बाबा! हव, सिरतोन!" म्हणजे हो, खरंच!

तिसऱ्या दिवशी दयाराम आला. स्टेशनावरून सरळ बागेत, पांढरे कपडे, खांद्यावर दीक्षाभूमीवरून घेतलेल्या पुस्तकाइची पिशवी. समोर पाहते तं विमानाले माळा, खाली उदबत्त्या, चाकापाशी चिल्लर, आन एक बाई साष्टांग! पिशवी खाली पडली हो त्याच्या हातातून. शर्मिष्ठाताई हसत पुढं आल्या, वाटलं आता शाबासकी भेटन. आन हा ओरडला, असा ओरडला का कावळे उडाले. "ताई! कुंकवात चुना असते, ताई! चुना! चुना अ‍ॅल्युमिनियमले खाते!" ताई म्हणतात, "अहो, पण आम्ही प्रेमानं केलं..." "आन हे नारळाचं पाणी? रिव्हेटाच्या फटीत गेलं, आता तिथं मुंग्या येतीन, गंज धरन!" मी म्हटलं, आता देवावरून भांडण होते. नाही! देवाचं याच्या डोक्यातच नाही, याच्या डोक्यात पत्रा! बसला तिथंच, पांढऱ्या कपड्यात, आन भिजवलेल्या कापसानं स्वस्तिक टिपाले लागला. ते टिपून झाल्यावर मंग आठवलं त्याले. वळला आन म्हणते, "आन ताई, मी जन्मात कोण्या देवापुढं वाकलो नाही... आन तुम्ही माह्या विमानाचाच देव केला?" ताईच्या डोळ्यात पाणी आलं. यानंच मंग त्याइले बाकड्यावर बसवलं आन पाणी दिलं.

पण आता लोकाइले कोण आवरन? हा पुसते, ते लावतात. हा माळ काढते, ते दोन घालतात. यानं पाटी लिहिली, मोठ्या अक्षरात, "यह विमान है, भगवान नहीं." दुसऱ्या दिवशी पाहतो तं पाटीलेच हार घातलेला! लोक याच्याच पाया पडाले लागले, "पुजारीजी, परसाद?" याच्या अंगाची आग आग! आन चाकापाशी रोज चिल्लर वाढून राहिली, नोटा बी. मी म्हटलं, "दयारामभाऊ, आता तं घ्या! आपण दारोदार फिरलो, कोणी दिलं नाही. हे आपोआप आलं. टायर घ्या, चबुतरा घ्या!" तं म्हणते, "नवसाच्या पैशाले मी हात लावत नाही. खोट्या गोष्टीवर चबुतरा बांधला तं तो टिकन का?" म्हटलं, "सिमेंटवर टिकन!" नाही म्हणजे नाही. सगळी चिल्लर पिशवीत भरून ताईच्या हाती दिली, लेकराइच्या शाळेत द्या म्हणे. दिवाळी जवळ आली, साहेब येणार, आन हा पैसे वाटून राहिला! मी किती बोललो त्याले. पण आतून, तुम्हाले सांगतो, आतून मले असं वाटलं का बनियन मागाचा हक्क अशाच माणसाले आहे. माणूस वेडा नाही, फिटर आहे!

रात्री जेवतानी... नाही, दुपारीच, वहिनीनं एक गोष्ट म्हटली. म्हणे, "लोक रिकाम्या हातानं माघारी जात नाही हो. तुम्ही नारळ नको म्हणता, कुंकू नको म्हणता, मंग दुसरं काहीतरी द्या ना त्याइच्या हाती." याले काही पटलं नाही. पण संध्याकाळी बागेत एक बाई आली, भिलाईकडची, नारळ घेऊन. "बाबा, इहाँ का चढ़थे?" इथं काय चढते? आन याचं डोकं आधीच फिरलेलं. "कुछ नहीं चढ़ता! यहाँ घिसना पड़ता है, घिसना! ये लो!" आन माही बनियन, हो, तेच, जाळीवाली, तिच्या हातात कोंबली! मी म्हटलं, आता बाई चिडणार, जाणार. बाईनं पदर खोचला, चपला काढल्या, बांगड्या काढून बाकड्यावर ठेवल्या आन लागली घासाले! नाकाकडून शेपटीकडं! एकदा दाखवलं यानं, दुसऱ्यांदा सांगाची गरज पडली नाही. अंधार पडेस्तोवर घासलं तिनं. आन जातानी इतकी खुश, इतकी खुश! "अब मोला अच्छा लागत हे, बाबा." दयाराम त्या जागेकडं पाहत उभा राहिला. हळूच बोट फिरवलं. एक ओरखडा नाही.

आन मंग जे सुरू झालं! तुम्हाले विश्वास बसणार नाही. दुसऱ्या दिवशी साऱ्या पाऱ्यात एकच, नारळ नाही चालत, घासावं लागते! यानं म्हणावं, चपलेची रेती उडते म्हणून चपला काढा, लोक म्हणत, "बाबा के यहाँ नंगे पाँव जाते हैं." यानं म्हणावं, अंगठी काढा, लोक म्हणत, "गहना उतारो, बाबा को घमंड पसंद नहीं." यानं म्हणावं, गोल गोल घासू नका, तं एक म्हातारा दुसऱ्याले समजावून राहिला, "गोल घिसोगे तो बदली घूम-फिर के वहीं आ जाएगी!" दयाराम बिचारा प्रत्येकाले सांगे, "ये सब झूठ है, मैं सिर्फ पत्रा बचा रहा हूँ." लोक हात जोडून म्हणत, "हव बाबा, हव," आन घासत. आता तो खोटं बोलला का? नाही. लोकाइनं खरं ऐकलं का? नाही. पण पत्रा वाचला का? वाचला ना!

आन पैशाचं पाहा तमाशा! पैसा नको म्हटल्यावर लोक वस्तू आणाले लागले. पॉलिशचे डबे, मेण, जुने पातळं, जुने धोतर, इतके का शर्मिष्ठाताईनं एका खोलीत कपड्याचं भांडार उघडलं. सदर बाजारचा तोच सेठ, तोच, स्वतः गाडीतून उतरला, सोबत सोन्याले पॉलिश करणारे आपले कारागीर, मऊ ब्रश घेऊन! म्हणे, "भैया, बाबा का काम था तो पहले बताना था ना!" म्हटलं, सेठजी, पहलेच बताया था. ट्रकच्या टायरवाला आला, त्याचा भाऊ अंबिकापुरात अडकलेला, त्यानं मापाचे टायर शोधून आणून बसवून दिले. आन चबुतरा? एक ठेकेदार, त्याचं बिल कुठंतरी अडकलं होतं. बदली नाही, बिल! म्हणे, "बाबा बिल भी उड़ाते हैं क्या?" दयाराम म्हणे, "नहीं." ठेकेदार म्हणे, "कोई बात नहीं," आन चबुतरा असा बांधून दिला, असा मजबूत, का स्वतःच्या कामात त्यानं कधी बांधला नसन!

आन मंग साहेब आले. दिवाळीच्या तोंडावर, हातात फाइल. सारा पारा गोळा झाला. साहेबानं चबुतरा पाह्यला, टायर पाह्यले, विमानाभोवती एक चक्कर मारली, पत्र्यात स्वतःचं तोंड पाह्यलं आन थांबले. मंग दयारामले बाजूले घेतलं. मी जवळच होतो. साहेब हळूच म्हणतात, "दादा, एक बात पूछूँ? ये बदली वाली बात... सही है?" मले माहीत आहे हा काय बोलणार. मी मागून त्याचा शर्ट ओढला. म्हटलं, एकदा, फक्त एकदा गप्प राहा, तोंड उघडू नको, मान हलव, जे समजाचं ते साहेब समजतीन, तुह्या विमानाचा जीव याच्या पेनाच्या टोकावर आहे! आन हा, तुम्हाले सांगतो, हा सरळ उभा राहिला, साहेबाच्या डोळ्यात पाहून म्हणे, "नहीं साहब. झूठ है. ये अ‍ॅल्युमिनियम है. इससे किसी की बदली नहीं होती. अच्छा जहाज है, बस. इसलिए रखना है तो रखो."

मी डोळे मिटले, म्हटलं, आला कप! साहेबानं फाइल बंद केली. घड्याळ काढलं. अंगठी काढली. बूट काढले, मोजे काढले, बाही वर केली आन म्हणतात, "वाइफ बिलासपुर में है, दादा. बच्चे भी. घिसने में क्या जाता है... कपड़ा दीजिए." आन नाकाकडून शेपटीकडं! पूर्ण पंख घासला हो साहेबानं! घाम पुसत फाइल उघडली आन लिहिलं, जनतेच्या आस्थेचा विषय आहे, हटवणं उचित नाही. कप गेला दुसऱ्या कोण्या बागेत. सगळ्याइनं टाळ्या वाजवल्या, शर्मिष्ठाताईनं पेढे वाटले, आन दयाराम? दयाराम विमानाच्या मागं, शेपटीपाशी जाऊन उभा राहिला होता, दोन्ही हात पत्र्यावर ठेवून. मी गेलो नाही तिकडं. त्या वेळी जवळ जाणं बरं नाही वाटलं.

तर आता विमान वाचलं, आहे, तुम्ही कधीही या, पाहा, सूर्य निघाला का चष्मा लागते. साहेबाची बदली अजून झाली नाही, दर सोमवारी येऊन घासून जातात बिचारे. कलावतीबाई लाइन लावतात, शर्मिष्ठाताई शिट्टी वाजवतात, प्रत्येकाले हातभर जागा, झालं का निघा. इतके लोक, इतके लोक, का कावळ्याले बसाले जागा नाही. चांगलं झालं ना? चांगलंच झालं! आन मी म्हणतो का वाईट झालं?

फक्त गेल्या रविवारची गोष्ट ऐका. सकाळी दयाराम आपला जुना कपडा घेऊन निघाला, मी सोबत. म्हणे, "लय दिवस झाले, नाकाखालची जागा मी स्वतः घासतो आज." जाऊन पाहतो तं ही मोठी लाइन! आता त्यानं सांगावं ना, का मी तो, ज्यानं हे सगळं सुरू केलं? पण नाही, वायुसेनेचा माणूस, लाइन म्हणजे लाइन, राहिला उभा. हळूहळू नंबर जवळ आला. पुढं एक बाई, कोरब्याहून आलेली, याले ओळखत नाही. वळून विचारते, "भैया, आपका क्या अटका है?" हा म्हणे, "मेरा? मेरा तो कुछ नहीं अटका." "कुछ तो माँगना होगा?" "नहीं दीदी, कुछ नहीं माँगना. बस घिसना है." बाईनं याले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. "माँगना नहीं है? तो पीछे जाइए ना भैया, यहाँ लोगों का अर्जेंट है!" आन मागचे दहा जण बी म्हणाले लागले, "हाँ हाँ, जिनको माँगना है वो पहले!" मी भांडाले उठलो, यानं माहा हात धरला. मुकाट्यानं मागं गेला, मागं, मागं, पार गुपचुपवाल्याच्या ठेल्यापर्यंत, आन शेवटी जाऊन उभा राहिला. कपड्याची घडी केली, खिशात ठेवली, आन दुरून त्या चमकणाऱ्या नाकाकडं पाहत मले म्हणे, "सुशीलभाऊ, बाकी कोणाची झाली, नाही झाली, मले माहीत नाही... पण माही तं झाली बदली."